कर्नल उठला, वारा रुसला

शिखरावरचं हवामान केंद्र
४ सप्टेंबर

भावजयबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते दोनदा उलटंपालटं केलं असशील. होय, मीच आहे, तुझी थोरली नणंद. आणि चौकशीला नाही, कामाला लिहितेय. अडला हरी म्हणतात ना, तशी गत झालीय. म्हणीचा पुढचा भाग मी लिहीत नाही, तूही मनात म्हणू नकोस.

ऑगस्टच्या अखेरीस इथे वीज पडली. माणसं वाचली, संगणक गेला. मुख्य कार्यालयानं नवा पाठवला. पण आमचं वाऱ्याचं कार्ड जुनंच आहे. डोलकाठीवरच्या वाट्या फिरतात, त्यांचा वेग हे कार्ड मोजतं आणि दर दहा मिनिटांनी तो आकडा खाली खिंडीतल्या फाटकावर जातो. वारा सेकंदाला बावीस मीटरच्या वर गेला की फाटक पडतं आणि उंच मालाचे ट्रक थांबतात. फाटक नव्हतं तेव्हा एक ट्रक आडवा झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. पुन्हा बघायचा नाही.

नव्या संगणकातला तयार कर्नल, म्हणजे त्याचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम, या जुन्या कार्डाला ओळखत नाही. आमचे निवृत्त इंजिनियर एक कागद मागे ठेवून गेलेत: अमुक आवृत्तीचा कर्नल डिस्कवरून स्वतः बनवून घ्यावा. घेतला. परवा तीन तास संगणक तापत बसला होता. जुन्या संगणकाच्या सेटिंगची फाइल वापरली. कागदावरच्या पायऱ्या एकेक करून केल्या, पण शेवटच्या चार ओळींवर कधीकाळी चहा सांडलेला, त्या वाचता आल्या नाहीत. संगणक नव्या कर्नलवर सुरू झाला. वाऱ्याचं मॉड्यूल मात्र लागत नाही. म्हणतो, "मॉड्यूल नॉट फाउंड". नुसतं वाऱ्याचंच नाही, कुठलंच सापडत नाही म्हणतो.

मोबाइलला इथे रेंज नाही. वायरलेसवर फक्त आकडे सांगता येतात. टपालाची जीप आठवड्यातून दोनदा येते, तेवढाच मार्ग. माझा सहायक बायकोच्या बाळंतपणासाठी रजेवर गेलाय. म्हणून मी आणि आमचा आचारी, दोघं आळीपाळीनं दर तासाला शिडी चढून हातातल्या यंत्रानं वारा मोजतोय. आचाऱ्याला सगळे भोंगा म्हणतात. तो वरून आकडा ओरडतो तेव्हा कारण कळतं.

पंधरा ऑक्टोबरपर्यंत आकडे आपोआप जायला लागले नाहीत, तर हे केंद्र बंद करून फाटकाचा निर्णय खालच्या कार्यालयातून अंदाजानं घ्यायचा, असं वरून पत्र आलंय. अंदाजानं!

तुझ्या नवऱ्याला यातलं काही सांगू नकोस. लगेच "ताई, नोकरी सोड आणि खाली ये" सुरू करील.

तुझी ताई

*

८ सप्टेंबर

ताई,

पाकीट दोनदा नाही, तीनदा उलटंपालटं केलं. म्हण मनात आली होती, पण तुम्ही हरी म्हटल्यावर माझ्या वाट्याला काय उरलं ते कळलं, म्हणून पुढे गेले नाही.

घाबरायचं काही कारण नाही. कर्नल म्हणजे घराचा कर्ता. त्याला सगळी कामं येत नाहीत, लागेल तसा तो एकेक कारागीर हाक मारून बोलावतो. ते कारागीर म्हणजे मॉड्यूल. तुम्ही कर्ताही घडवलात आणि कारागीरही, पण कारागिरांना कारखान्यातच ठेवून आलात. कर्ता हाका मारतोय, घरात कोणी नाही. चहा सांडला होता तिथेच ती पायरी असणार.

सोबत वेगळ्या कागदावर इंग्रजी अक्षरांत आज्ञा लिहिल्या आहेत. जशाच्या तशा टाइप करा, मधल्या मोकळ्या जागाही पाळा. आणि तो डागाळलेला कागद आता बाजूला ठेवा. अर्धवट कागदापेक्षा माझी यादी बरी. माझं रोजचं कामच हे आहे, ताई. आठवडाभरात वारा मोजायला लागाल.

तुमच्या भावाला सांगितलं नाही. तो विचारत होता, टपालात काय आलं. म्हटलं, बायकांचं आहे. लगेच गप्प बसला.

तुमची वहिनी

*

१२ सप्टेंबर

भावजयबाई,

कारागीर घरी आले. तुझ्या कागदाप्रमाणे केलं आणि पडदा, आवाज, छापयंत्र सगळं बोलायला लागलं. भोंगा दारातून विचारत होता, "कर्नलसाहेब उठले का?" दहा दिवस तो समजतोय की सैन्यातला कोणी बडा अधिकारी मुक्कामाला येणार आहे. त्यानं पाहुण्यांची खोलीसुद्धा झाडून ठेवलीय. मी अजून खरं सांगितलेलं नाही. खोली स्वच्छ राहते.

पण वाऱ्याचा कारागीर अडून बसलाय. त्याचं मॉड्यूल मी जुन्या संगणकाच्या राखीव डिस्कवरून उचलून आणलं होतं. संगणक म्हणतो, "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट". म्हणजे कारागीर दारात आहे, पण आत घेत नाहीत.

काल वारा एकोणीसपर्यंत गेला. मी शिडीवर होते. अजून तीन मीटर आणि मला फाटक पाडायला सांगावं लागलं असतं, आणि मी उतरल्यावर वाढला असता तर तासभर पत्ताच लागला नसता. घाई कर.

ताई

*

१५ सप्टेंबर

ताई,

त्याला आत घेणार नाहीत हे बरोबरच आहे. तो दुसऱ्या कर्त्याच्या मापानं घडवलेला आहे. मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बनवलं त्याच्याच हाताखाली काम करतं. त्या मॉड्यूलचा मूळ मजकूर डिस्कवर "विंड" नावाच्या फोल्डरमध्ये असेल, त्यातून ते नव्यानं घडवायचं.

शिवाय एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तुमची सेटिंगची फाइल जुन्या, एका डोक्याच्या संगणकाची. नव्याला चार डोकी, म्हणजे प्रोसेसर, आहेत आणि तीन रिकामी बसलीत. तो पर्याय चालू करून घ्या. एवढं करताच आहात तर सगळं पहिल्यापासून स्वच्छ करून करा. यादी जोडली आहे: जुना पसारा साफ करणे, पर्याय चालू करणे, कर्नल बनवणे, वाऱ्याचं मॉड्यूल बनवणे, मॉड्यूल जागेवर ठेवणे, संगणक जिथून सुरू होतो त्या "बूट" फोल्डरात कर्नल टाकणे, संगणक पुन्हा सुरू करणे. सात पायऱ्या. सातव्या पायरीला वारा वाहील.

शिडी जपून चढा.

तुमची वहिनी

*

१६ सप्टेंबर, सकाळ

ताई, थांबा!

कालच्या यादीतली पहिली आज्ञा टाइप करू नका. ती पसारा साफ करते, पण त्याबरोबर तुमची सेटिंगची फाइलही पुसून टाकते. ती आधी दुसरीकडे ठेवायला सांगायचं मी विसरले. ती फाइल गेली तर दोन हजार प्रश्नांची उत्तरं पुन्हा द्यावी लागतील आणि त्यातली निम्मी तुमच्या त्या इंजिनियरांनाच माहीत.

टपाल कचेरी उघडायच्या आधीपासून दारात उभी आहे. हे पत्र कालच्या पत्राच्याच जीपमध्ये बसेल असं टपालवाले म्हणतात, पण खात्री देत नाहीत.

आधी फाइल बाजूला ठेवा. मग पुढचं.

वहिनी

*

२० सप्टेंबर

भावजयबाई,

अक्षर भोंग्याचं आहे. मी कामात असल्यामुळे सांगतेय आणि तो लिहितोय. त्याच्या शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, पण "थांबा" वालं तीन दिवस उशिरा. तोवर पहिली आज्ञा देऊन झाली होती.

काळजी करू नकोस, सेटिंगची फाइल जागेवर आहे. आज्ञा देण्याआधी मी तिची एक प्रत डिस्कवर काढली आणि एक दुसऱ्या फोल्डरात. तू सांगितलं नव्हतंस. तू "साफ करा" म्हणालीस एवढंच मला पुरलं. दुधानं पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. नऊ वर्षांपूर्वी सुट्टीत तू माझा लॅपटॉप "साफ" करून दिला होतास, त्यात माझे ढगांचे चार हजार फोटो गेले. बारा वर्षांचे. आणि मी विचारलं तेव्हा तू मलाच विचारलंस, "बॅकअप नव्हता का?" तेव्हापासून आहे.

असो. तुझ्या सातही पायऱ्या एकोणीस तारखेला केल्या. आणि आता जे बसले होते तेही उठून गेले. पडदा धूसर, छापयंत्र मुकं. वाऱ्याचं मॉड्यूल तर सोडच, एकूण एक मॉड्यूल "इनव्हॅलिड फॉरमॅट". सोबत एक ओळ येते, तीत "व्हर्जन मॅजिक" असं काहीतरी म्हणतो, एकात एसएमपी हा शब्द आहे, दुसऱ्यात नाही. ओळ तशीच्या तशी मागच्या बाजूला उतरवली आहे.

वारा सतरा.

ताई

(मागच्या पानावर, त्याच अक्षरात)
वहिनीसाहेब, ओळ वर उतरवलीय. आता माझं. बाई सांगू नको म्हणाल्या, म्हणून इथे खाली बारीक लिहितो. त्या सतरा तारखेला शिडीवरून पडल्या. उजवं मनगट सुजून हे एवढं झालंय, हात गळ्यात बांधलाय. खालून कंपाउंडर येऊन फळी बांधून गेला, मोडलं नाही म्हणाला. तरी डाव्या हातानं चढायचं म्हणतात. कर्नलसाहेब लवकर येतील तर बरं. — भोंगा

*

२३ सप्टेंबर

ताई,

आधी संगणकाचं, मग तुमचं.

ती ओळ सगळं सांगते. एसएमपी म्हणजे चार डोक्यांचा पर्याय. तुमची मॉड्यूल आता चार डोक्यांच्या कर्नलसाठी बनली आहेत, पण चालतोय तो अजून जुना, एका डोक्याचा कर्नल. म्हणून तो सगळ्यांनाच परके समजतो. याचा अर्थ एकच: सहावी पायरी झालेली नाही. नवा कर्नल बूट फोल्डरात टाकायचा राहून गेला असणार. दुखऱ्या हातानं काम करताना होतं असं. यादीच्या शेवटी एक नवी आज्ञा लिहिली आहे, ती चालू कर्नलची जन्मतारीख सांगते. बघा, सप्टेंबरच्या सुरुवातीची निघेल.

आता तुमचं. हो, मला कळलं. कसं ते विचारू नका. मनगटाची फळी उतरेपर्यंत तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. नाही ऐकलंत तर मी तुमच्या भावाला सांगेन आणि मग तो स्वतः वर येईल. एवढी धमकी पुरे.

फोटोंचं वाचलं. त्यावर पुढच्या पत्रात लिहिते.

वहिनी

*

२७ सप्टेंबर

भावजयबाई,

डाव्या हातानं लिहितेय, म्हणून थोडक्यात. भोंग्याकडे मी नंतर बघते.

जन्मतारीख दोन सप्टेंबरच निघाली. तुझं बरोबर. पण माझ्याकडून पायरी राहिलेली नाही. एकतीस वर्षं नोंदी ठेवतेय. जे केलं नाही ते केलं म्हणून मी कधी लिहिलेलं नाही, आणि तू "राहून गेलं असणार" म्हणतेस? तुझं पत्र आल्यावर तीच पायरी पुन्हा केली. पुन्हा सुरू केला. पुन्हा दोन सप्टेंबर.

खात्रीसाठी बूट फोल्डर उघडून बघितला. त्यात मी टाकलेली फाइल आहे, आजची तारीख, दुपारचे सव्वातीन. ती एकच फाइल आहे, तिच्याखेरीज तिथे दुसरं काहीसुद्धा नाही. आता सांग, कोण चुकतंय?

वर भोंगा चढतो. मी खाली उभी राहते आणि लिहून घेते. समाधान झालं?

ताई

*

३० सप्टेंबर

ताई,

कोण चुकतंय विचारलंत. मी.

तुमचं पत्र जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं. "दुसरं काहीसुद्धा नाही" या शब्दांशी आले आणि पिशवी खाली ठेवली. बूट फोल्डरात दुसरं काही नाही, हे शक्यच नाही. संगणक सुरू करणारा प्रोग्राम तिथे असतो, जुना तयार कर्नल असतो, निदान पाचसात फाइली असतात. त्या दिसत नाहीत याचा अर्थ तो खरा बूट नाही. खरा बूट डिस्कवर वेगळ्या कप्प्यात आहे आणि तो कप्पा आधी हातानं उघडावा लागतो. उघडला नाही तर त्याच नावाचा एक रिकामा फोल्डर दिसतो. तुम्ही दोन्ही वेळा कर्नल बरोबर टाकलात, पण दाराबाहेरच्या पायपुसण्यावर. आतल्या कर्त्याला पत्ताच नाही.

मग पहिल्या वेळी कसा नीट पोचला? कारण तेव्हा तुम्ही तुमच्या इंजिनियरांचा कागद पाळत होतात. पैज लावते, त्या कागदावर कप्पा उघडायची पायरी आहे. ती माझ्या यादीत नव्हती, कारण आमच्याकडच्या संगणकांवर कप्पा आपोआप उघडतो आणि तुमच्याकडेही तसंच असेल असं मी गृहीत धरलं. वर तो कागद बाजूला ठेवायला मीच सांगितलं. एका पत्रात सेटिंगची फाइल विसरले, दुसऱ्यात तुमच्यावर ठपका ठेवला. रोजचं कामच हे आहे, असं मीच लिहिलं होतं ना?

आणि फोटो. लॅपटॉप मी पुसला होता. तुम्ही चहा करायला आत गेला होतात, आत काय आहे ते न विचारता मी बटण दाबलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला इतकी लाज वाटली की तोंडातून "बॅकअप नव्हता का" एवढंच निघालं. मग दर वर्षी वाटायचं, आता लिहावं. आणि दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं. चूक माझी होती, ताई. सगळी. बॅकअप असता तरी माझीच.

नवी यादी जोडली आहे. पण आधी तो कागद काढा आणि माझी यादी त्याच्याशी ताडून पाहा. जिथे फरक असेल तिथे कागद खरा धरा.

तुमची वहिनी

*

८ ऑक्टोबर

भावजयबाई,

अक्षर पुन्हा माझं आहे, जरा वाकडं. फळी परवा उतरली.

कागद काढला. सातवी पायरी: "बूटचा कप्पा उघडावा." पैज जिंकलीस. तुझ्या यादीशी ताडलं, आता दोन्ही जुळतात. कप्पा उघडला आणि आत खरोखरच सातआठ फाइली निघाल्या, जुन्या कर्नलसकट. नवा त्यांच्या शेजारी ठेवला. जुना पुसला नाही, हे सांगायला नकोच. संगणक सुरू केला. जन्मतारीख एकोणीस सप्टेंबर. पडदा लख्ख. मग वाऱ्याच्या मॉड्यूलची आज्ञा दिली. उत्तरच आलं नाही. मी घाबरले. मग तुझ्या यादीच्या तळाची टीप वाचली, "काही बोलला नाही म्हणजे बसलं." तुझ्या नवऱ्यासारखंच की हे.

दहा मिनिटं घड्याळ बघत बसले. मग पडद्यावर आकडा आला: चौदा पूर्णांक तीन. भोंगा तेव्हा वर शिडीवर होता. तो ओरडला, "चौदाऽऽ!" मी खिडकीतून म्हटलं, "खाली ये, आता रोज ओरडायची गरज नाही." खाली आल्यावर त्याला कर्नल कोण ते सांगितलं. संगणकाभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी मी गादीला ऊन दाखवलं?"

ही दोन तारखेची गोष्ट. काल त्याचा उपयोग झाला.

सकाळी आभाळ निरभ्र, झुळूकसुद्धा नाही. साडेअकराला आकडा अठरा. पुढच्या दहा मिनिटांत एकवीस. त्याच्या पुढच्या दहाला तेवीस आणि फाटक पडलं. तासाला एकदा शिडी चढत असतो तर साडेबारापर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता. फाटकावरचा पहारेकरी नंतर सांगत होता, पहिल्याच ट्रकचा चालक खाली उतरून भांडायला लागला. वर कापसाच्या गाठी, माळवदाएवढ्या उंच. "कुठे आहे वारा? इथे काडीसुद्धा हलत नाहीये! वर बसलेल्या त्या बाईला म्हणावं, एकदा खाली येऊन बघ." पहारेकऱ्यानं त्याला फक्त पडद्यावरचा आकडा दाखवला. चालक म्हणाला, असले आकडे पुष्कळ पाहिलेत.

सव्वाबाराला खिंडीत वारा शिरला. माझ्याकडे एकतीस पूर्णांक दोन. फाटकाच्या चौकीचा पत्रा उडून पलीकडच्या उतारावर गेला. त्या वेळी खिंडीच्या रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. अलीकडे सव्वीस ट्रक आणि दोन बसगाड्या रांगेत उभ्या होत्या. पहारेकऱ्यानं मोजलेत म्हणून सांगते. तो चालक गाडीत बसून होता. वारा पडल्यावर, तीनच्या सुमाराला, त्यानं पहारेकऱ्याला विचारलं, "त्या बाईंचं नाव काय?" पहारेकरी म्हणाला, "नाव माहीत नाही. आम्ही ताई म्हणतो."

मुख्य कार्यालयाचं पत्र आजच्या जीपनं आलं. केंद्र चालू राहील. शिवाय विचारलंय की इतर केंद्रांवरही हीच जुनी कार्डं आहेत, तर हे दुरुस्त कोणी केलं. मी कळवलं: मी केलं, आणि माझ्या भावजयीनं करवून घेतलं. तुझा पत्ता दिलाय. त्यांचं पत्र येईल तेव्हा "छे, त्यात काय" असलं काही लिहू नकोस. त्यात पुष्कळ आहे.

फोटोंबद्दल लिहिलंस ते वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचायची गरज पडली नाही. फोटो गेले ते गेले. मला फोटोंपेक्षा तो प्रश्न जास्त लागला होता, आणि तो तू परत घेतलास. आता माझ्याकडून तो विषय संपला. तूही संपव.

सहायक वीस तारखेला परत येतोय. मुलगी झाली त्याला. मला आठ दिवसांची रजा मंजूर झालीय. बावीसच्या जीपनं उतरते आणि थेट तुमच्याकडे येते. चालेल का असं विचारत नाहीये, येतेय एवढं कळवतेय. माझा पलंग खिडकीजवळ लाव.

तुझी ताई